कुणाच्या मापाचा कॉलम

२ मार्च, रविवार
इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, सीट तळाला बोल्ट झाली. आता स्टिअरिंग कॉलम, म्हणजे व्हीलपासून खाली जाणारा दांडा. १९३७ सालची कूप, दोन दारांची जुनी गाडी, सहा वर्षं आमच्या अ‍ॅशबर्नच्या गॅरेजमध्ये मुक्कामाला. तेवढी वर्षं बायकोची, मंजिरीची, व्हॅन बाहेर, बर्फातसुद्धा. नोव्हेंबरात मला स्ट्रोक आला तेव्हापासून काम बंद होतं. आज रॉन आला. पलीकडच्या रस्त्यावर राहतो, वय शहात्तर, जन्म लेथवर गेला, गाडीचं सगळं वेल्डिंग त्याचंच. म्हणाला, कॉलम आल्याशिवाय वायरिंग पुढे सरकत नाही, ठरवून टाक.
डावा हात: मूठ वळते. धरलेलं सुटतं.

८ मार्च, शनिवार
मूळचा कॉलम मी तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवला होता. सरळ, भरीव सळई. पॉलिश केला तर काय दिसेल! रॉनला दाखवला. त्याने तो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.
"माझा थोरला भाऊ, डेल. समोरून धडक. गाडीला फारसं काही झालं नव्हतं." छातीच्या मधोमध बोट ठेवलं. भरीव कॉलम दबत नाही, सरळ आत येतो.
मूळचा बाद. फडक्यात परत गुंडाळला.
भंगारातल्या जुन्या व्हॅनचा कॉलम मिळतोय, दणकट आहे, वरखालीही होतो, पण जाडजूड. कूपच्या डॅशखाली ड्रेनेजचा पाइप टाकल्यासारखा दिसेल. राहता राहिला नवीन, बारीक. धडक बसली तर आत दबतो. त्यात परत दोन: डावीकडे इंडिकेटरची दांडी असलेला आणि बिनदांडीचा.

९ मार्च, रविवार
बिनदांडीचा. रॉनला सांगितलं की दिसायला सुबक. खरं कारण इथे लिहितो. दांडी डाव्या हाताची. इंडिकेटरचं बटण गिअरच्या दांड्यावर, उजव्या हाताला, बसवता येतं. स्टिअरिंगला एका हाताने फिरवायची मूठ लावता येते. गिअर ऑटोमॅटिक. म्हणजे एका हातावर गाडी चालते.

१५ मार्च, शनिवार
माप घेतलं. रॉनने झाडूच्या दांड्याला टेपने स्टिअरिंग व्हील बांधलं. मी सीटवर, तो खिडकीतून दांडा धरून उभा. "दोन्ही हात ठेव." ठेवले. जरा वेळाने तो माझ्या मांडीकडे बघायला लागला म्हणून मीही बघितलं. डावा हात तिथे येऊन पडलेला. कधी घसरला, पत्ता नाही.
छातीपासून व्हील एक फूट, कॉलम बत्तीस इंच. त्याने पेन्सिलने फळीवर लिहिलं. मग हळूच, "डॉक्टर काय म्हणतात?"
ड्रायव्हिंगची तपासणी १० एप्रिलला. तोवर चालवायला बंदी. "मग ऑर्डर तोवर थांबवू या?"
नको म्हणालो. घरी येऊन ऑर्डर मात्र केली नाही. कार्टमध्ये पडून आहे.

२२ मार्च, शनिवार
मं. फिरायला गेली होती. व्हॅन गॅरेजच्या दारात आडवी आली होती. दहा फूट मागे घ्यायची, एवढंच. घेतली. धाड. शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा, डावीकडे, माणसाच्या कमरेएवढा. मागे घेण्याआधी मी बघितलं होतं. शपथेवर सांगतो, तिथे काही नव्हतं.
डबा उभा केला. व्हॅनवरचा ओरखडा पुसून बघितला. मं.ला सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार
दुपारी जेवताना मं.: "चटणी नको होती का? कोशिंबीरही तशीच आहे."
"कुठे आहे चटणी?"
तिने ताट अर्धं फिरवलं. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. पानाची अख्खी डावी बाजू.
"रोज असं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुझी चव गेली आहे."
मग डब्याचं सांगून टाकलं. ओरखडा तिला कालच दिसला होता. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार
थेरपिस्टला सांगितलं. डोळे ठीक आहेत, म्हणाली. मेंदू डावीकडची बाजू मोजत नाही. कागदावर घड्याळ काढायला दिलं. काढलं. छान आलं होतं. मग तिने दाखवलं की सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसले आहेत.
सव्वीस वर्षं मी डेटा सेंटरमध्ये बिघाड शोधतोय. काय बंद पडलंय ते शोधण्याचा पगार घेतो.

१० एप्रिल, गुरुवार
तपासणी. दोन्हीकडे ब्रेक असलेली गाडी, शेजारी तपासणारी बाई, शांत. वीस मिनिटं झकास गेली. मग तिने एकदम ब्रेक दाबला.
"सायकलवाला दिसला का?"
"कुठला सायकलवाला?"
तो डावीकडून, पुढून निघून गेला होता. मागून पाहिला, पाठीवर पिवळं जॅकेट.
निकाल: आत्ता नाही. ऑक्टोबरात परत. काहींचं सुधारतं, काहींचं नाही, ती सरळच म्हणाली. आवडलं मला ते. परतताना मं. गाडी चालवत होती.

११ एप्रिल, शुक्रवार
मं.ला म्हटलं, कॉलम तुझ्या मापाचा घेऊ.
"माझ्या कशाला? मी काय ती चालवणार आहे?"
"कुणीतरी चालवायला हवी."
"अवि, सहा वर्षं मी तिला नुसतं झेललं. त्या गाडीत मी एकदा बसलेसुद्धा नाही. तू कधी बस म्हणालास?"
म्हणालो नव्हतो. खरंच नव्हतो.
"आणि आता ऑक्टोबर यायच्या आधीच तू गाडी माझ्या गळ्यात घालतोस. म्हणजे तुझं ठरलंच."
भांडलो. पुष्कळ दिवसांनी बरोबरीने भांडलो. नोव्हेंबरापासून ती माझ्याशी पेशंटशी बोलावं तशी बोलायची.

१२ एप्रिल, शनिवार
रॉन आला तेव्हा मं. स्वतःहून गॅरेजमध्ये आली. पायात माझ्या सपाता. "झाडू कुठे आहे तुमचा?"
सीटवर बसली. पाय पेडलला पोचेनात. पाठीमागे सोफ्यावरची उशी घातली, पोचले. पण आता बत्तीस इंची दांड्यावरचं व्हील छातीपासून वीतभरही लांब राहिलं नाही. रॉनने दांडा झटकन मागे ओढला. चेहरा उतरला होता त्याचा.
"नो, मॅम. धिस वन्स टू क्लोज."
तीस इंची धरला. तिला व्यवस्थित, छातीपासून दहा इंच. मग मी बसलो, उशी काढून. हात जरा ताणला की पोचतो.
"दांडी डावीकडे हवी मला," मं. म्हणाली. "सवय आहे."
"आणि मला?"
"तुला बटण लाव. दोन्ही लावता येत नाहीत का?"
रॉन म्हणाला, येतात. वायर जास्त लागेल एवढंच.
नवीन, तीस इंच, दांडीवाला, वरखालीही होणारा. ऑर्डर केला. मीच क्लिक केलं.

३ मे, शनिवार
कॉलम आला, आज बसवला. डॅशखालचा क्लॅम्प, तळाची प्लेट, मग खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंतचा जोड. मी उजव्या हाताने धरायचं, रॉनने आवळायचं. पुढची चाकं जॅकवर. मं.ला आत बसवून फिरवायला सांगितलं. उजवीकडे लोण्यासारखं. डावीकडे अर्ध्यात अडकलं. जोड एक्झॉस्टच्या पाइपला घासतोय, मध्ये एक आधार देऊन तो बाजूने वळवावा लागेल. रॉन म्हणाला, पुढच्या शनिवारी, आणि हात पुसत घरी गेला.
मं. काही उतरेना. उजवीकडे फिरवते, सोडते, परत फिरवते. मी खिडकीशी.
"चल, पानं वाढतो."
"ही सुरू झाली की आवाज किती करेल रे?"
"बराच."
"कॉलनीवाल्यांची नोटीस येईल."
"येईल."
दांडी खाली केली, वर केली. वायरिंग नाही, दिवा कुठला लागायला. तरी तिने आरशात बघून घेतलं.
"तू जा पुढे," म्हणाली. "मी आलेच."
पोळ्या गरम करून ठेवल्यात. अजून आली नाही.