इटालियन दुनळीविषयी खुलासा

दिवेआगर

ती. हिरामणदादांस,

जीवनचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. वर्तनाविषयी तसे लिहिता येत नाही.

तळ्याच्या माळावर रविवारी तबकडी-नेमबाजीची स्पर्धा झाली, हे अमिषाकडून कळलेच असेल. कल्पिताने (पत्नीच्या नावामागे 'कै.' लिहिणे मला अद्याप जमत नाही, क्षमा असावी) जिंकलेला फिरता चषक घराबाहेर जाऊ नये, एवढ्याचसाठी मी उतरलो. तिची साधी देशी दुनळी बंदूक मी आपल्या कन्येच्या, अमिषाच्या, परवान्यावर रीतसर चढवून दिली होती. "शिकण्यापुरती ठीक आहे" असे वर ऐकवलेही होते. स्वतःसाठी महागडी इटालियन घेतली. कौशल्य जेवढे कमी, तेवढी बंदूक भारी घेतली की बरोबरी होते, असे माझे अनुमान होते. (मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे, हे कृपया कुणास सांगू नये.)

निघण्यापूर्वी बंदुकीची पूजा केली. ती नेहमी कल्पिता करीत असे; हळदकुंकू नेमके कोठे लावायचे, हे मी कधी पाहिले नव्हते. मी ते नळीच्या टोकावरील माशीला, म्हणजे ज्यावरून नेम धरतात त्या मण्यालाच, सढळ हाताने लावले. मणी दिसेनासा झाला. तबकड्या आकाशात फिरून सुखरूप जमिनीवर परतल्या. त्या उडवणारा मोरू ओरडला, "भाऊ, बंदुकीला हलद? लगीन हाय का तिचा?" माळ हसला. मी मणी पुसला. तबकड्या तरीही सुखरूपच.

यानंतर जे केले त्याची लाज वाटते. एवढ्या साध्या बंदुकीने इतक्या तबकड्या फुटूच शकत नाहीत, अशी अमिषाविरुद्ध मी पंचांकडे तक्रार केली. पोरीने बंदूक माझ्या हाती दिली. "काका, तुम्हीच मारून बघा ना. आत्या म्हणायची, गाल नीट टेकवला की कुठलीही चालते." मी मारून पाहिले. दोन्ही बंदुका माझ्या हातात तंतोतंत सारख्या चालतात, एवढे निर्विवाद सिद्ध झाले.

स्पर्धा जिंकल्याबद्दल अमिषाचे अभिनंदन. तक्रारीबद्दल तिची व आपली क्षमा मागतो.

आपला,
जीवन

ता. क. चषक चकाकी देण्यासाठी कारागिराकडे दिला आहे, असे मी आयोजकांना सांगितले. ते असत्य आहे. कल्पिताने ठेवला तेथेच, तिच्या कपाटात तो आहे.

पुनश्च : ती गेल्यापासून ते कपाट मी उघडलेले नाही. अमिषाने येऊन उघडावे. वहिनींनाही आणावे. मी तोवर वाडीत थांबेन.