सोनाट्याचे अकरा तुकडे

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. ठरलं म्हणजे ठरलं. ऑफिसातल्या निलेशने पेन ड्राइव्ह दिलाय. बीथोवनचा पियानो सोनाटा, नव्वद वर्षांपूर्वी वाजवलेला. वाजवणाऱ्याचं नाव मला उच्चारता येत नाही. शनिवारपर्यंत येईल. तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटं मावायची, म्हणून एकाच सोनाट्याचे अकरा तुकडे. टीव्हीला लावला. खरखर फार. पण खरखर हाच इतिहास, असं वाक्य सुचलं. कुठेतरी वापरायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
वर्क फ्रॉम होम. मीटिंग म्यूट, सोनाटा चालू. कामाला येणाऱ्या बाळाबाईंनी गॅलरीतले ओले कपडे भराभर आत आणून सोफ्यावर टाकले. पाऊस लागलाय न्हवं, म्हणाल्या. म्हटलं, बाळाबाई, हे जुनं रेकॉर्डिंग आहे. तर म्हणे, मग लई जुना पाऊस हाय म्हणायचा. चांदे गावात रसिकांची वानवा आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
मोठा शोध! पहिला तुकडा रुबाबदार. मग एकदम तुफान, धडाधड सूर, सगळं संपल्यासारखं. आणि थोडं थांबून जणू काही झालंच नाही अशी गोष्ट पुढे सुरू. आधी शेवट, मग गोष्ट! सिनेमावाल्यांचा फ्लॅशबॅक ह्यापुढे काहीच नाही. बायकोला, हेमलताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, छान, तीन शिट्या झाल्या की गॅस बंद कर. (वादकाचं नाव अजून येत नाही. कलेत नावाला महत्त्व नसतं.)

१२ नोव्हेंबर, बुधवार
आमची लेक अपेक्षा लवळ्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर असते. जवळ असून घरी येते ती फक्त धुवायचे कपडे साठले की. तिच्या म्युझिक क्लबचा पाहुणा आयत्या वेळी गळाला. हेमलताने फोनवर परस्पर सांगून टाकलं, तुझे बाबा आहेत की. अपेक्षाने फोन मला द्यायला लावला. मग म्हणाली, ठीक आहे, पण प्लीज बाबा, लाज आणू नका.
तिच्या दहावीच्या गॅदरिंगमध्ये मी पालकांच्या वतीने मिमिक्री केली होती, तेव्हापासून ती मला कॉलेजातलं काही सांगत नाही. ह्या वेळी तिने चारचौघांत म्हणायला हवं, हे माझे बाबा. बाकी काही नको. खरंच नको.
संकल्प: एकही विनोद करायचा नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये भाषणाची तालीम. शेजारचा रिक्षावाला काच वाजवून म्हणाला, सायेब, बरं वाटतंया न्हवं? निलेशला माझी थिअरी ऐकवली. म्हणाला, मी तो पेन ड्राइव्ह कधी उघडलाच नाही, चुलतभावाचा आहे. म्हणजे ह्या विषयावर स्वतंत्र विचार करणारा सध्या मी एकटाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार
लिहू नये असं वाटतंय. लिहितो.
हॉल भरलेला. झब्बा नवा. सोनाटा लावला. तुफान आलं तेव्हा हात वर करून थांबवलं. क्लबची प्रमुख शीतल स्वतः पियानो वाजवते. ती म्हणाली, अंकल, हा शेवट आहे. मी म्हटलं, शाब्बास, बरोब्बर ओळखलंस! आणि त्या थोर वादकाच्या धाडसावर बोलत सुटलो. जगाची पर्वा न करता त्याने शेवट आधी ठेवला वगैरे. पोरं श्वास रोखून ऐकत होती. निदान मला तसं वाटलं.
मग अपेक्षा स्टेजवर आली आणि माझ्या कानात म्हणाली, बाबा, फाइल्स चुकीच्या लागल्यात. एक, दहा, अकरा आणि मग दोन. नावातला पहिला आकडा बघून लावल्या की एकच्या मागे दहाच येतो.
माइक चालू होता.
असं हसू मी मिमिक्रीलाही मिळवलं नव्हतं. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हाच बग दाखवून किती ज्युनियरांना रडवलंय. अपेक्षाकडे बघायची हिंमत झाली नाही. गाडी काढली आणि चहा न घेता घरी आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी पेन ड्राइव्ह ड्रॉवरच्या तळाशी टाकला. संगीत बंद. दुपारी बेल वाजली. अपेक्षा. हातात कपड्यांची पिशवी नाही. म्हणाली, क्लबमध्ये सगळे विचारत होते की हे कोणाचे बाबा. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, माझे, अजून काय सांगणार. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.
ड्रॉवर उघडून तिने स्वतः फाइल्सची नावं सुधारली. म्हणाली, आता नीट ऐकू, पहिल्यापासून. सोफ्यावर शेजारी बसली. मी वहीपेन घेतलं. प्रत्येक तुकड्यावर टिपण करायचं, नवी थिअरी मांडायची, शीतलला मेल करायची.
पहिल्या तुकड्यावर दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्यात अपेक्षाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, म्हणून हललो नाही. तिसरा आठवत नाही.
जाग आली तेव्हा टीव्ही बंद होता. अपेक्षा अजून झोपलेली. समोर हेमलता मटार सोलत बसली होती. म्हणाली, मघाशीच संपला. सगळा ऐकला मी. शेवट तर फारच सुंदर आहे रे.