मैदानावरचा ठिपका

प्रिय भिंगरी,

हातात फोन असताना आजोबांनी पोस्टाचं तिकीट का चिकटवलं, म्हणून हसशील. कारण शेवटी सांगतो.

इकडे सगळं ठीक. तुझे उपचार संपल्यावर इस्पितळातल्या नर्सबाईंनी तुझ्या मनगटावर तो पट्टा बांधला आणि ॲपवर मला तुझा चालण्यातला जोडीदार नेमलं, तेव्हापासून मी एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. तू वसतिगृहात, मी आपल्या गल्लीत. तुझा हिरवा ठिपका माझ्या फोनात, माझा तुझ्या. मी अजून कविता म्हणतच चालतो. लहानपणी माझ्या शाळेच्या व्हरांड्यात तू पाय आपटत कविता पाठ करायचीस आणि कडवं संपलं की गिरकी घ्यायचीस. भिंगरी झालीस ती तिथेच.

गेल्या आठवड्यात तुझा ठिपका मैदानाभोवती चक्क पळू लागला. मी हुरळलोच. न्हाव्याला दुकानात जाऊन दाखवला. तो म्हणाला, मास्तर, पोरगी तुमच्यावर गेली नाही हे बरं झालं. तुझ्या आईने तर शाबासक्या पाठवून पाठवून बोट दुखवून घेतलं.

काल संध्याकाळी ती मटार सोलता सोलता फोनचा स्पीकर लावून तुझ्याशी बोलत होती. अंथरुणात पडलेय, कंटाळा आलाय, असं तू म्हणालीस. मी समोरच होतो, आणि माझ्या फोनात तुझा ठिपका मैदानाला फेऱ्या घालत होता. आईच्या ध्यानात आलं नाही. मी माझा फोन पालथा ठेवला. तुझ्या खोलीतली ती धावपटू मैत्रीण गुणाची आहे, तिला माझे आशीर्वाद सांग. पण पट्टा तेवढा परत घे.

पाय दुखतोय ना? मागच्या वेळी आजाराची सुरुवात पायापासूनच झाली होती, ते मीही विसरलेलो नाही. पण दुखणं म्हणजे तेच, असं नाही; बसून राहिलेला पायही दुखतो. यातलं खरं काय, ते तुला कळायचं नाही आणि मलाही नाही. सोमवारी तपासणीला गेलीस की डॉक्टर ॲप उघडतील, मैत्रिणीच्या पायांचं कौतुक करतील, आणि तुझा पाय तपासायचा राहून जाईल. मला धास्ती आहे ती एवढीच.

ॲपवर लिहिलं असतं तर तुझ्या आईने वाचलं असतं, नर्सबाईंनीही. त्यांना हे तुझ्या तोंडून कळावं, म्हणून हा कागद. रविवारी सकाळी मी वसतिगृहाच्या फाटकाशी येतो. पट्टा बांधून ये. जमेल तसं पहिल्या बाकापर्यंत जाऊ, आणि तिथे बसूनच तू आईला फोन लाव. ठिपका इतक्यात का थांबला, असं न्हाव्याने विचारलंच, तर सांगेन, म्हातारा दमला.

तुझाच जोडीदार,
आजोबा