कोमट पाणी

सेमारांग,
रविवार, दुपार

प्रिय निंग्रुम,

तुझा निरोप परवा मिळाला. पाचवा महिना संपत आला तरी पोटात पाणी ठरत नाही, मालांगसारख्या थंड गावात राहूनही घशाला कोरड पडते, आणि जे पितेस ते तसंच बाहेर येतं, हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. फोनच केला असता, पण आपल्या घरातला फोन आता तुझ्या आईंच्या उशाशी असतो, आणि मूत्रपिंडं गेली तरी त्यांचे कान शाबूत आहेत. म्हणून आज सरबताचा गाडा लवकर झाकून लिहायला बसले. तू दोन गोष्टी विचारल्यास. काय पिऊ, ही एक. आणि सातव्या महिन्याचं न्हाण आणि बाळंतपण इथे माहेरी करायला येऊ का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर शेवटी देते. तोवर पहिलीचं नीट वाच, कारण त्या विषयात आता या गल्लीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही.

सकाळी उठल्याउठल्या साधं पाणी पिऊ नकोस, ते उलटणारच. आधी बिछान्यातच एक कोरडं बिस्किट चघळ. मग आल्याचा छोटा तुकडा ठेचून माडाच्या गुळात उकळ, गाळून गार कर आणि चमच्या-चमच्याने घे. दहाच्या सुमाराला भाताची पेज, मीठ घालून, अगदी पातळ. दुपारी चिंच कोळून त्यात गूळ आणि भरपूर पाणी. शहाळं मिळालं तर उत्तमच, मात्र तुझ्यासमोर फोडलेलं घे, कापून ठेवलेलं नको. चहा कमी कर. जामूवालीच्या बाटल्यांतला कुठलाही पाल्यामुळ्यांचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ती कितीही गोड बोलली तरी. लघवी गडद व्हायला लागली किंवा दिवसभर काहीच ठरलं नाही, तर सरळ दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घे, उद्यावर टाकू नकोस. आणि जे पिशील ते गार पी. गारेगार. उकळलेल्या पाण्याचा बर्फ घरीच कर आणि त्याचा खडा जिभेवर ठेव. गार वस्तूला वास कमी येतो, म्हणून ती पोटात ठरते. आपल्या गाड्यावर गरोदर बायका येतात ना, त्यांना मी हेच सांगते, आणि त्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन परत येतात.

बर्फाचं वाचून तू दचकली असशील. गरोदर बाईने बर्फ खाल्ला की बाळ फुगतं, मोठ्या डोक्याचं होतं, मग पोट कापावं लागतं. हे तू लहानपणापासून ऐकलंयस, मीही ऐकलं होतं, पण माझ्या आईच्या घरी ते ऐकून सोडून द्यायचे. तुझ्या घरात फ्रिजला कुलूप लागलं. आठवतं ना? ते पिवळं छोटं कुलूप, कोंबड्यांच्या खुराड्याचं. बाजारात आणखी कुलपं नव्हती असं नाही. मी ओकून ओकून भिंत धरून उभी असायचे, सेमारांगचा सप्टेंबर, पत्र्याखाली जीव नुसता शिजायचा, आणि आई माझ्यापुढे पेला ठेवायच्या. कोमट पाणी. नाहीतर हळदीचं कडू जामू, तेही कोमट. पुढे पुढे चमचाभर खोबरेल तेल, बाळ सटकन बाहेर यावं म्हणून. नाक दाबून पाजायच्या आणि बाहेर आलं की पुन्हा भरायच्या. मी एकदा हात जोडून म्हटलं, आई, एकच खडा द्या, नुसता तोंडात धरते. तर म्हणाल्या, तुझ्या नखऱ्यांपायी पोटातल्या जीवाचे हाल कशाला करतेस.

तुझ्या भावाचं नाव बासुकी, म्हणजे सुखरूप. त्या दिवसांत सुखरूप तोच होता. आईंसमोर गप्प बसायचा, आणि रात्री माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, थोडे दिवस काढ. त्याने एकदा बाहेरून पिशवीत गार शहाळ्याचं पाणी चोरून आणलं होतं. ते कुणी दारातच ओतायला लावलं, ते मी इथे लिहीत नाही. तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस, तुझं नाक तीक्ष्ण होतं आणि आईंची तू लाडकी. कॉलेजातून आलीस की माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बर्फाचं सरबत प्यायचीस. लांब दांड्याच्या चमच्याने ढवळायचीस, किणकिण किणकिण, आणि माझ्याकडे बघत विचारायचीस, वहिनी, तुला चालत नाही ना गं? मी नाही म्हणायचे. मग तू तळाचा खडा दाताखाली कडाकडा फोडायचीस. मला वाटतं तू ते विसरली असशील, जी पिते तिला ते आठवायचं काय कारण? पण माझ्या कानात ती किणकिण राहिली, आणि पुढे तिच्यावरच मी पोट भरलं.

सातव्या महिन्याचं न्हाण तर तुला आठवतच असेल, कारण तुझे नव्या हिरव्या ब्लाऊजमधले फोटो आजही बाहेरच्या खोलीत लागलेले आहेत. सात विहिरींच्या पाण्याने न्हाऊ घातलं, सात लुगडी बदलली, बासुकीने एका घावात नारळ फोडला, सगळं रीतसर. मग दवेतचं सरबत विकायची पाळी आली. तुझा भाऊ छत्री धरून उभा आणि मी मडक्यामागे. हिरव्या शेवया, नारळाचं दूध, गुळाचा पाक आणि वर बर्फच बर्फ. पाहुणे कौलांचे तुकडे पैसे म्हणून हातावर ठेवायचे आणि मी हसत हसत वाटी भरून द्यायची, म्हणजे बाळाचं नशीब उघडतं. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात काही ठरलं नव्हतं. ओठ फुटले होते. डावाला थंडी लागून तो बाहेरून ओला झाला होता आणि माझा हात त्याला नुसता चिकटत होता. सगळी गल्ली पिऊन गेली. कुणीतरी तिसरी वाटी मागितली, मी वाकले, आणि मडक्यातला बोटभर बर्फ उचलून तोंडात टाकला.

तू समोरच होतीस. तू हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आई, बघ, दुकानदारीणच माल खाते."

लोक हसले, मीही हसण्याचं सोंग केलं, ओठ मिटून. आई गर्दीतून आल्या. सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, डाव्या हाताने माझे गाल दाबले आणि उजव्या हाताचं बोट माझ्या तोंडात घालून तो बर्फ बाहेर काढला. अर्धा विरघळला होता. तो त्यांनी अंगणात टाकला, पदराला बोट पुसलं आणि म्हणाल्या, "माझं नातवंड आहे ते, तुझ्या जिभेचं खेळणं नाही." मग मला पुढच्या बाईची वाटी भरायला सांगितली. मी भरली. बासुकीच्या हातातली छत्री थोडी हलली, बाकी काही झालं नाही.

त्याच आठवड्यात कळा आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तेव्हा त्यांनी विचारलं, हिला पाणी कोण देत नव्हतं? पोटातही पाणी फार कमी उरलंय, म्हणाल्या. बाळ आलं ते केवढंसं, बासुकीच्या तळहातात मावेल एवढं. मुलगी होती. थोडे दिवस काचेच्या पेटीत राहिली. ती गेल्यावर आईंनी दारात बसून शेजारणींना सांगितलं की बरं झालं, निदान पोट तरी कापावं लागलं नाही, आणि सुनेने बर्फ खाल्ला नसता तर हेही झालं नसतं. तिचं नाव आम्ही ठेवलं होतं. तुला माहीत नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. पुढे मला मूल झालं नाही. मग मी दारात गाडा लावला. बर्फ किसायचं यंत्र आणलं, पाटी लावली, आणि आईंच्या डोळ्यांदेखत दिवसाला दोन ठोकळे किसायला लागले. आई म्हणायच्या, किती हा आवाज. मी म्हणायचे, धंदा आहे.

आता घरची खबर. आईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला, रक्त धुवायला नेतो, ते तुला माहीत आहेच. डॉक्टरांनी दिवसाला दोन पेले पाणी ठरवून दिलंय, त्यात सूप आलं, चहा आला, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. जास्त झालं की पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, मग श्वास लागतो. मी एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही. डॉक्टर माझं कौतुक करतात, अशी सून बघितली नाही म्हणतात. मागच्या खोलीत त्यांना उकडायचं म्हणून त्यांचा पलंग मी पुढच्या खोलीत, खिडकीशी आणलाय. वाराही येतो आणि गाडाही दिसतो. दिवसभर माणसं येतात, यंत्र फिरतं, पेल्यात बर्फ पडतो, आणि आई ओठांवरून जीभ फिरवत बघत असतात. डायलिसिसची नर्स चांगली मुलगी आहे. ती म्हणाली, ताई, दोन पेल्यांतलाच थोडा भाग बर्फ करून द्या, एकेक खडा चघळला की पाणी तेवढंच जातं आणि तहान भागते, सगळे पेशंट तसंच करतात. मी म्हटलं, बरं.

तू लिहितेस, आई फोनवर रडत होती, वहिनी मला बर्फ देत नाही म्हणाली, तिचं डोकं फिरलंय का गं? नाही. डोकं अगदी जागेवर आहे. मी देत नाही. त्यांचे दोन पेले मी त्यांना देते, पूर्ण देते, वेळेवर देते, आणि कोमट करून देते. परवा बासुकीने माझी पाठ वळल्यावर गाड्यावरचा एक खडा त्यांच्या तोंडात घातला. तेव्हापासून गाड्यावरच्या बर्फाच्या पेटीला कुलूप आहे. तेच पिवळं. मी जपून ठेवलं होतं. आईंनी ते बघितलं आणि ओळखलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे हात जोडून म्हणाल्या, "विगाती, एकच खडा दे, नुसता तोंडात धरते." मी त्यांच्या उशाशी बसले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हटलं, "नको आई, बाळ मोठं होईल." मला बरं वाटलं, निंग्रुम. खोटं कशाला लिहू? घरी आल्यासारखं वाटलं.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर, त्याच्यासाठीच हा सगळा प्रपंच. ये. जरूर ये. तुझ्या सासरी कुणी करणारं नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तुझ्या पोटातल्या जीवाशी माझं काही वैर नाही. त्याला मी एक थेंब कमी पडू देणार नाही. पेज करीन, चिंचेचं पाणी करीन, शहाळी रोज ताजी फोडीन, तुझ्यासाठी वेगळा उकळलेल्या पाण्याचा बर्फ असेल. न्हाणही इथेच करू, सात विहिरींचं पाणी बासुकी आणेल, आणि दवेत विकताना पहिली वाटी मी तुझ्याच हातात देईन, रीत असो वा नसो. माझी अट एकच. जे प्यायचं ते आईंच्या समोर बसून प्यायचं, समोरच्या खुर्चीत, लांब दांड्याच्या चमच्याने, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्या मागतील. तू त्यांची लाडकी लेक, तुझ्याकडेच मागतील, आणि तुझा हात पुढे जाईल. जाऊ देऊ नकोस. त्यांच्या तोंडात तू एक जरी खडा घातलास, तर मी सगळ्या पाहुण्यांच्या देखत त्यांचे गाल दाबून, बोट घालून तो बाहेर काढीन. कसा काढायचा ते मला माहीत आहे. जमत असेल तर शनिवारच्या बसने निघ. तुझी खुर्ची मी त्यांच्या पलंगासमोर मांडून ठेवली आहे.

पाण्याला जप.

तुझीच, आणि आता या घरात तुला दुसरं कुणी नाही म्हणून तुझीच,
विगाती वहिनी