रांगोळीची केबिन

शनिवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

क्रूझवर आम्हा चौघांना एकच केबिन मिळालीय. मावणार का? दिवसभर हेच डोक्यात. शेवटी मंदारने टेप घेऊन हॉलमध्ये तेवढी केबिन आखली. खडू सापडेना, म्हणून रांगोळीने. रांगोळीवर पाय कोण देणार? त्यामुळे खरीच भिंत असल्यासारखे सगळे वागायला लागले. चिकू आणि ओवी, दोन्ही मुलं आतच भांडली, आतच जेवली.

मी ताटं घेऊन निघाले तर चिकू ओरडला, "आई, भिंतीतून काय जातेस? दार कुठंय?"

दारच आखलं नव्हतं या नवऱ्याने!

"थांब, आखतो."

"राहू दे रे," म्हटलं आणि ताटं कडेला सरकवून बसले. मग तोही पाय उचलून आत आला. आतूनच लिहितेय हे, कोपर ओवीच्या पोटावर टेकवून. मावलो की!