दुसरा डबा तुझ्या घरी

प्रिय ढब्या,

पाकीट बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. व्हिडिओ कॉलवर तू हल्ली माझं बोलणं अर्ध्यातच तोडतोस, रेंज गेली म्हणतोस आणि गायब होतोस. कागद असा मधेच बंद पडत नाही, म्हणून लिहायला बसले. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासली, आता स्वतःची दोन पानं खरडली तर कुणाचं काय जातं?

आधी गंमत ऐक. मागच्या महिन्यात एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. चेहरा लालेलाल, दोन्ही हात कानांवर. मला वाटलं, नळ उघडा राहिला असेल. त्यांनी माझा हात धरून मला घरभर फिरवलं. आधी फ्रीजला कान लावला, मग मिक्सरला आणि शेवटी टीव्हीखालच्या त्या काळ्या डब्यासमोर येऊन थांबल्या. फोनवर टाइप करून दाखवलं, ‘हे परवापासून कोकलतंय! तुम्हाला ऐकू येत नाही का?’ आणि लगेच त्यांनीच जीभ चावली. मी इतकी हसले की त्याही हसायला लागल्या. बघ ना, डबा बनवणाऱ्याने धोक्याची शिट्टी दिली आणि तो येऊन पडला बहिरीच्या घरात. डब्यावर हिरव्या दिव्याच्या जागी नारिंगी दिवा लागला होता, पण टीव्हीच्या सावलीत तो मला दिसलाच नाही.

हा डबा तूच बसवून दिला होतास. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच सगळं, एक गेली तरी दुसरी आहे, असं समजावून गेलास. तर एक गेली होती. उरलेली तिच्याच वयाची, तिच्याबरोबरच आणलेली. आणि तिच्यावर तुझ्या बाबांनी केलेलं सगळं शूटिंग.

दर रविवारी आपल्या बाहेरच्या खोलीत काय भरायचं, ते तू विसरला नसशील. बाबा खुर्च्या भिंतीला लावायचे, हातांवर उजेड पडावा म्हणून पडदे सारायचे आणि आपली सगळी बहिरी मंडळी एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसायची. आमचा सुतार लहानपणी स्टेशनवर कसा हरवला आणि त्याचे हात कुणालाच वाचता येईनात, ते सांगायचा. शिलाईवाली, जिला आपण भुवई म्हणायचो कारण तिची निम्मी गोष्ट भुवयाच सांगायच्या, ती मालकाशी केलेलं भांडण दरवेळी नव्याने करून दाखवायची. ऐकणाऱ्या लोकांवरचे विनोद सुरू झाले की तू कॅमेऱ्यामागे पोट धरून खिदळायचास आणि चित्र हलायचं. आजही हलतं ते. त्यातली किती माणसं आता राहिली नाहीत. आमच्या भाषेला लिपी नाही रे. आमची पुस्तकं म्हणजे हीच.

म्हणून त्या दिवशी घाबरून तुला कॉल केला. तू काय म्हणालास, आठवतं? निवडक पाच-दहा ठेव, बाकीचं उडव. आई, कोण बघणार आहे हे आता? हे तू ज्या हातांनी म्हणालास, त्या हातांना ती भाषा आम्ही शिकवली होती. तुला तोंडाने बोलता यायच्या आधी तू हातांनी दूध मागायचास. आणि हा प्रश्न तू विचारावास, तोही या वर्षी? मी फोन ठेवला, चप्पल घातली आणि सरळ कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

दुकानदार माझ्याकडे न बघता माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशीच बोलायला लागला. मग मला खुणेने म्हणाला, घरातलं कुणीतरी घेऊन या. मी फोनवर लिहून दाखवलं, ‘घरातलं कुणीतरी मीच आहे,’ आणि तिथल्या स्टुलावर ठाण मांडून बसले. तो बराच वेळ इकडेतिकडे करत राहिला. शेवटी वैतागून माझ्या फोनवर टाइप करायला लागला. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र माणूस चांगला निघाला. त्यानेच सांगितलं की एकाच डब्यात दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. डबा चोरीला गेला, त्यात पाणी शिरलं किंवा आपणच चुकून काही पुसलं, तर दोन्हींतून गेलं. बॅकअप म्हणजे दुसरा डबा, आणि तो दुसऱ्या घरात. मी जुन्या डब्यासाठी नवी डिस्क घेतली आणि शिवाय एक नवाकोरा डबा घेतला.

पुढचं सगळं मी एकटीने केलं. तू हसशील, पण मी स्क्रीनवरच्या सूचना प्रुफासारख्या वाचल्या, ओळ न् ओळ, बोट ठेवून. आधी जुन्या डब्यातली मेलेली डिस्क बदलली. मग दोन्ही डबे शेजारी ठेवून एकाच राउटरला जोडले आणि याच्यातलं त्याच्यात न्यायला सांगितलं. काम गोगलगायीसारखं चाललं. शोधता शोधता कळलं, राउटरची वायरच जुनाट होती. ती बदलली. मग नवा डबा आपोआप झोपी जायचा आणि सगळं अडकून पडायचं. त्याची ती झोप सेटिंगमधून काढून टाकली. संपलं असं स्क्रीनवर आलं तरी माझा विश्वास बसेना. जुन्या डब्याची वायर उपटली आणि नुसत्या नव्यातून सुतार लावून बघितला. सुतार स्टेशनवर हरवला, रडला आणि सापडला. मग मी रडले. एकही फाइल उडवलेली नाही. बाबा लेन्स पुसताना चुकून चालू राहिलेलं शूटिंगसुद्धा ठेवलंय.

आता जे बोलायला तू देत नाहीस, ते.

तुझ्या छोटीला ऐकू येत नाही हे तुम्ही मला इतके महिने सांगितलं नाहीत. मला ते पहिल्या भेटीतच कळलं होतं. माझ्यासारखीच मान वळवते ती. तिला कानाचं यंत्र बसवा, माझी ना नाही. तोंडाने बोलायला शिकवा, आनंदच आहे. पण मागच्या खेपेला मी तिला वाऱ्याने उडालेल्या टोपीची गोष्ट सांगत होते, तेव्हा सूनबाईने माझे दोन्ही हात धरले आणि हळूच माझ्या मांडीवर ठेवले. खुणांची सवय लागली तर ती बोलणार नाही, असं तुम्हाला सांगण्यात आलंय म्हणे. तू खिडकीतून बाहेर बघत राहिलास. शाळेत बाई आम्हाला आमच्याच हातांवर बसवायच्या, बोटं बधिर होईपर्यंत. तेव्हा मी पोर होते, मुकाट्याने बसले. आता बसणार नाही. सूनबाईवर माझा राग नाही, ती घाबरलेली आहे. पण तू कशाला घाबरतोस? तू तर या हातांवर वाढलास, आणि बोलायला लागलास तो असा की अजून थांबत नाहीस!

म्हणून हे पत्र. शनिवारच्या बसने मी येतेय आणि नवा डबा घेऊन येतेय. तो तुझ्या घरी राहील, तुझ्या राउटरला जोडलेला, कायम चालू. माझ्याकडे जे नवं शूट होईल ते इंटरनेटवरून त्यात येत जाईल, आणि सध्या रोज काही ना काही नवं होतंय, कारण भुवई आणि मी लहान मुलांसाठी गोष्टी करतोय. कोण बघणार, असं विचारलं होतंस ना? तुझी लेक बघणार. मी परवानगी मागत नाहीये, कळवतेय. सूनबाईने माझे हात खाली ठेवले, तेव्हा तू पाठमोरा होतास, म्हणून तुला दिसलं नाही. छोटी माझ्याजवळ आली, माझी बोटं उचलून बघितली आणि मग स्वतःच्या इवल्याशा हाताने, अर्धवट, चुकीचं, पण स्वच्छ म्हणाली, ‘पुन्हा.’ तिला ज्याला कुणाला नाही म्हणायचं असेल, त्याने ते शनिवारी माझ्यासमोर उभं राहून म्हणावं. आणि हातांनी म्हणावं, म्हणजे तिलाही कळेल.

हात मोकळे असलेली, तुझीच
आई