डाव्या कानात

बाई, काल शेंदूरजनाघाटला तुमचे कान पाहिले. हसू नका. संत्र्याची कलमं घ्यायला आम्ही दोघं अकोल्याहून गेलो होतो. नवरा रोपवाटिकेत कलमं निवडत बसला आणि मी सावली शोधत मागे गेले, तर विहिरीपाशी एका म्हातारीचा अर्धपुतळा. पदर कानांमागे सारलेला, कानात बुगड्या, आणि डाव्या कानाची कड वरून जराशी दुमडलेली. अख्खी सातवी मी तुमच्या डाव्या हाताच्या बाकावर काढली. तो कान मी ओळखणार नाही तर कोण?

त्या कानानं तुम्हाला ऐकू येत नाही, हे अंजनगावात सगळ्यांना माहीत होतं. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या तुम्ही, वर्गात कुणी 'मले' म्हटलं की त्याचा कान पिळायच्या. अमरावतीला मूर्तिकाराकडे सहल निघाली, त्या सकाळी बसमध्ये मी म्हटलं, बाई, मले खिडकीपाशी बसू द्या. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्याकडून तीनदा 'मला' म्हणवून घेतलंत. बस खो खो हसली. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. तुमच्या मागे डाव्या बाजूला बसून मी मैत्रिणीला चांगलं मोठ्यानं म्हणाले, "या बहिरीले आपली भाषा आयकू येत नाही, तं इथं आली कायले?"

तुम्ही वळून पाहिलं नाहीत.

अमरावतीच्या त्या मूर्तिकारानं आमच्या पाठ केलेल्या दहा प्रश्नांना हो-नाहीत उत्तरं दिली. ओल्या गोणपाटाखाली हीच म्हातारी मातीत अर्धवट घडवलेली होती. तिच्या लेकाला आईच्या बुगड्या दिसायला हव्या होत्या आणि असलेल्या एकुलत्या एका फोटोत पदर कानांवर. मूर्तिकार तुमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचे कान पाहू द्या मले." वर्षभर आमचे कान पिळणाऱ्या बाईचे कान! आम्ही तोंडं दाबून धरली. मी वाट पाहत होते, आता याच्याकडूनही 'मला' म्हणवून घेणार. तुम्ही मुकाट्यानं स्टुलावर बसलात, कुड्या काढल्यात आणि नेमक्या माझ्या हातात दिल्यात. तासभर मी त्या मुठीत धरून उभी. तो डाव्या कानाकडे वळला तेव्हा तुम्ही म्हणालात, हा नुसता दिसायला आहे हो, याला ऐकू येत नाही. तो मातीवरून नजर न काढता म्हणाला, "माह्या पुतळ्याले कोन्त्याच कानानं आयकू येत नाही, बाई." सगळ्यांत जास्त तुम्हीच हसलात.

परतताना तुम्ही मला बोलावून तुमच्या उजव्या बाजूला, खिडकीपाशी बसवलंत. डबा उघडलात. "तुले भूक लागली काय?" तुमच्या तोंडचं ते 'तुले' इतकं वाकडं, की एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मात्र लख्ख कळलं: तुम्ही सकाळचं ऐकलं होतं. मी अर्धी दशमी घेतली आणि बाहेर बघत खाल्ली. दर्यापूर गेलं, अंजनगाव आलं. पुढे किती दिवाळ्या तुमच्या घरी फराळाला आले, तुमच्याशी तासन्‌तास गप्पा मारल्या, तुमच्यावर जीव जडला माझा, पण तेवढी एक माफी मागायची राहिली. तुम्ही कधी विषय काढला नाहीत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा रडण्याआधी मला तेच आठवलं.

काल त्या घरची सून सांगत होती, पुतळ्याचे कान काही आजीसारखे नाहीत, असं आत्या, म्हणजे आजीची लेक, दरवेळी म्हणते. ती चहा ठेवायला गेली तशी मी पुतळ्याजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "बाई, माहं चुकलं."

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? पण एक कबूल करते. उजवा कान तिथंच, वीतभर अंतरावर होता. मी डाव्यातच बोलले.